फ्रान्सच्या बंदरात उभी राहिलेली कोळीण

फ्रान्स मी पाहिलेला नाही. पॅरिस नाही, आयफेल टॉवर नाही, जाता-येता विमानतळावर तासभर थांबणंसुद्धा नाही. पण त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक छोटं बंदर मला आमच्या रेवदंड्याइतकं पाठ आहे. स्टेशनाबाहेर पडलं की डाव्या हाताला दोरखंड वळायचा जुना कारखाना, तिथे आता म्युझियम केलंय. सरळ गेलं की जुनी गोदी. गोदीत एक निवृत्त मासेमारी बोट बांधून ठेवलेली आहे, तिच्या पोटात उतरून खलाशांच्या बिछान्यावर बसता येतं. समोर खडकावर किल्ला, अगदी अलिबागच्या कुलाब्यासारखा. ओहोटीला चालत जायचं आणि भरतीच्या आत परत फिरायचं, नाही तर किल्लेदार होऊन तिथेच बसायचं. दीपगृहावर चढता येतं, पण लहान मुलांना वर सोडत नाहीत. आणि बाजारचौकात मासळीबाजाराची दगडी इमारत. बाजार हलला, इमारत राहिली, तिच्यात गावाचं म्युझियम आलं. आत शिरल्यावर उजव्या हाताला मी केलेली एक बाई उभी आहे.

उभी आहे हे मुद्दाम सांगते, कारण आधी ती बसलेली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्न करून शारजाला येऊन मला आठ वर्षं झाली होती. मुंबईला मी शिल्पकला शिकले, हे अख्ख्या शारजात फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तोही ते हळूहळू विसरत चालला होता. वर्षातून एकदा बिल्डिंगमधल्या पाच घरांचे गणपती करायचे, तेवढीच माझ्या हाताला माती लागायची. मुलगी दुसरीत गेली तेव्हा मी हट्टाने नोकरी शोधली. हमरिया फ्री झोनमध्ये दुकानांसाठी पुतळे बनवणारा एक कारखाना होता, कपडे घालून काचेत उभे करतात ते पुतळे. मालक लेबनॉनचा. त्याने माझ्या जुन्या कामाचे फोटो पाहिले, "व्हेरी नाईस, व्हेरी नाईस," म्हणाला, आणि मला भुवया रंगवायला बसवलं.

सहा महिने मी भुवया रंगवल्या. शेकडो बायकांच्या. सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या, सगळ्या कशाचंही आश्चर्य न वाटणाऱ्या. संध्याकाळी व्हॅनमधून घरी येताना माझ्याच भुवया दुखायच्या.

मालक पुतळ्यांच्या जोडीला म्युझियमची कामंही घ्यायचा. तिथल्या म्युझियममध्ये जुन्या काळचे देखावे असतात, त्यातली माणसं आमच्याकडून जायची. ती माणसं मातीत घडवणारा कारागीर एके दिवशी नोकरी सोडून मायदेशी गेला, आणि नेमकी त्याच आठवड्यात फ्रान्सची ऑर्डर आली. त्या बंदराच्या म्युझियमला मासळीबाजाराच्या दालनासाठी पाच माणसं हवी होती. मालक डोकं धरून बसला. तेव्हा मातीच्या आकृतीवरून साचे काढून ती फायबरमध्ये उतरवणारे अंकल पुढे झाले. अंकल वसईचे, गल्फमध्ये वीस वर्षं काढलेले. सगळा कारखाना त्यांना अंकल म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला मालकसुद्धा. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "धिस गर्ल विल डू. मैं देखा है उसका हाथ." काय पाहिलं होतं त्यांनी? जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या मातीचे मी करायची ते कान आणि नाकं, तेवढंच. त्या एका वाक्याचं ऋण माझ्यावर अजून आहे.

मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं. "एक ऑर्डर. फ्रान्सवाले पास करतील, तर तू माझी स्कल्प्टर, परमनंट. नाही तर खलास, बॅक टू आयब्रोज."

मी हो म्हटलं. आठ वर्षांनी दार उघडलं होतं. हे बंद झालं तर दुसरं ठोठावायचा धीर माझ्यात उरला नव्हता, हे मला स्वच्छ माहीत होतं.

फाइलीत फोटो होते, मापं होती, आणि गावाची माहिती देणारी एक इंग्रजी पुस्तिका होती, नकाशासकट. ती मी व्हॅनमध्ये जाता-येता वाचायची. घरी आल्यावर मुलीची परीक्षा घ्यायची. किल्ल्यात कधी जायचं? "लो टाइड, मम्मा." आणि दोरखंडाचं म्युझियम? "लेफ्ट ऑफ द स्टेशन. कॅन आय वॉच टीव्ही नाऊ?" नवरा म्हणायचा, "आमच्या घरात फ्रान्सची गाईड आहे. फक्त फ्रान्सला गेलेली नाही."

चार माणसं सरळ गेली. जाळं विणणारा, पिंपं बनवणारा, शीड शिवणारी म्हातारी, लिलाव पुकारणारा. पाचवी मासळी विकणारी बाई. तिचा एकच फोटो होता आणि तोही कमरेपर्यंतचा, पुढे टोपल्यांचा ढीग असल्यामुळे. मला कुठे कमरेखालचं बघायची गरज होती? मासळीवाली कशी असते, हे मला कुणी शिकवायला हवं का? रेवदंड्याला आमच्या दारात रोज एक कोळीण यायची. रुंद हाड, जाड मनगटं, उन्हाने बारीक झालेले डोळे आणि खालचा ओठ थोडा पुढे, जणू तुम्ही काय भाव करणार हे तिला आधीच माहीत आहे. तिचाच चेहरा मी केला. फ्रान्सला चेहऱ्याचे आणि हातांचे फोटो गेले, उलट फॅक्स आला, फार सुंदर, फार सुंदर. मी तो फॅक्स फ्रिजवर लावला.

आणि मी तिला बसवली. लाकडी पाटावर, एक गुडघा वर, समोर फळी, फळीवर सुरी, उजवा हात पुढे. मासे फ्रान्समध्येच करून हातात ठेवणार होते, म्हणून तळहात उघडा आणि मोकळा. मापांच्या कागदावर उंची एकशे बासष्ट सेंटिमीटर लिहिली होती. मी एकशे बासष्ट सेंटिमीटरची बाई घेतली आणि खाली बसवली. चुकलं म्हणावं तर मापात कुठेच चुकलेलं नव्हतं.

बरं, बघणारेही तसेच. अंकल लांबून डोळे बारीक करून म्हणाले, "गुडघा अजून वर घे, बाय. माझी मावशी बाजारात बसायची ती असा गुडघा घ्यायची, वर कोपर." रंगकाम करणारा केरळचा होता, त्यालाही ती अगदी त्याच्या गावची वाटली. आम्ही तिघंही दर आठवड्याला बाजारातून सुरमई आणायचो, उंच ओट्यामागे उभ्या असलेल्या माणसांकडून! मासळी उभं राहूनही विकतात, हे दर गुरुवारी डोळ्यांना दिसत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

माल बोटीवर चढायच्या दोन आठवडे आधी, बुधवारी, म्युझियमच्या बाई स्वतः तपासायला आल्या. साठीच्या आतबाहेर, उंच, कापलेले पांढरे केस, चष्मा दोरीने गळ्यात. पहिली चार माणसं त्यांनी पटापट पास केली. पाचव्या आकृतीवरचं कापड अंकलनी काढलं. बाई थांबल्या. चष्मा लावला. परत काढला.

"ही जमिनीवर का आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मग तिच्या मोकळ्या तळहाताकडे पाहिलं. "ही भिकारीण आहे का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या कोळणीला भिकारीण? मालक तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "नो मॅडम! शी इज क्वीन!" आणि उचलली जीभ लावली टाळ्याला असं वाटू नये म्हणून मी सिद्धच करायला निघाले. फायबरच्या भुकटीने पांढऱ्या झालेल्या जमिनीवर मी सलवार-कमीजसकट फतकल मारली, गुडघा वर घेतला आणि दाखवलं. ही वर बघत नाही. गिऱ्हाईक वाकतं, हिच्यासमोर सगळा गाव वाकतो. मामलेदार असो की मास्तर, पापलेट हवं तर कमरेत वाका. ही मनात येईल तेव्हा मान वर करते, आणि तोवर तुम्ही उभे.

बाई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "आमच्या बायका उभ्या राहायच्या. दगडी फरशी, हिवाळा, सगळीकडे बर्फाचं पाणी. तिथे बसली ती आजारीच पडायची." त्यांनी पिशवीतून दुसरा फोटो काढला. त्यात त्याच बाजारातल्या बायका टेबलांमागे ओळीने उभ्या होत्या, पायांत लाकडी खडावांसारखे जाड बूट. मी जमिनीवरूनच तो फोटो बघितला. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, मी तर बसलेलीच होते.

बाई हॉटेलवर गेल्यावर मालकाने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. अंकलना तो म्हणाला, "दुकानाच्या पुतळ्याचे पाय घे, वर हिचं धड बसव, लाँग स्कर्ट घाल. कोण बघतंय? यल्ला, चला लवकर." आणि मला म्हणाला, "शनिवारपासून तू वर जा. पेंटिंग."

घरी येऊन मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले. मुलीने बाहेरून विचारलं, "मम्मा, आर यू कटिंग ओनियन्स?" नवऱ्याने चहा केला, त्यात साखर घालायला विसरला, आणि माझ्या समोर बसून राहिला. समजूत घातली नाही, हे त्याचं शहाणपण.

शुक्रवारी दुपारी मालकाचा फोन. बाईंना दुबईच्या जुन्या किल्ल्यातलं म्युझियम बघायचंय, आणि 'जमिनीवर बसणारी लेडी' सोबत हवी आहे.

"मी जाणार नाही," मी म्हटलं. "भिकारीण म्हणाली ती."

"तिचं गाव तुला पाठ आहे," नवरा गाडीची किल्ली शोधत म्हणाला. "आपलं गाव तिला दाखवायला काय जातंय?"

दुबईला 'आपलं गाव' म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. पाहुणा आला की आम्ही सगळे त्याला त्या किल्ल्यात न्यायचोच, सासू-सासरे, नणंदा, नवऱ्याचे साहेब, सगळे तिथे जाऊन आलेले. तिकिटाच्या खिडकीशी नवऱ्याने सवयीने पुटपुटलं, "तीन दिरहॅम, म्हणजे छत्तीस रुपये," आणि आम्ही जिना उतरून खाली गेलो. खाली जुन्या दुबईचा बाजार उभा केलाय, खऱ्या माणसाच्या मापाच्या आकृत्यांचा. बाई प्रत्येक देखाव्यापुढे थांबत होत्या, नेहमीच्या पर्यटकांपेक्षा खूप जास्त वेळ. कारागीर जमिनीवर बसून काम करतोय. व्यापारी बैठकीवर मांडी घालून बसलाय. मास्तर बसलेत, पोरं बसलीत.

माझ्या मुलीला राहवलं नाही. "एव्हरीबडी सिट्स, मॅम," ती बाईंना म्हणाली. "इन अवर हाऊस ऑल्सो. मम्मा कट्स फिश सिटिंग डाऊन. ओन्ली इन द शॉप दे स्टँड."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

बाहेर खाडीच्या काठावर आम्ही बाकावर बसलो. अब्रा, म्हणजे खाडी ओलांडायच्या लाकडी होड्या, माणसं भरभरून समोरून जात होत्या. बाई म्हणाल्या, "बुधवारी मी एक वाईट शब्द वापरला. मला माफ करा." मग अगदी हळू, "तुमच्या फोटोतला चेहरा पाहिला तेव्हा मी ऑफिसात रडले होते. माझी आजी त्या बाजारात मासळी विकायची. तिचा खालचा ओठ तसाच होता. म्हणून तिला जमिनीवर, हात पुढे केलेली पाहिलं आणि मला सहन झालं नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मी तिला मनातल्या मनात दोन दिवस शिव्या घालत होते, आणि ती तिच्या आजीसाठी भांडत होती. मी माझ्या कोळणीसाठी भांडत होते. भांडण एकाच बाईसाठी चाललं होतं.

"आजी कशी उभी राहायची?" मी विचारलं.

बाई उठल्या. पर्स नवऱ्याच्या हातात दिली आणि दुबईच्या खाडीवर, भर संध्याकाळी, त्यांच्या आजीसारख्या उभ्या राहिल्या. एका पायावर भार, कंबर नसलेल्या टेबलाला टेकलेली, पोट पुढे, डावा हात उबेसाठी काखेत, उजव्या हातात नसलेला मासा. "टाचा कधी जोडायच्या नाहीत," त्या म्हणाल्या, "फरशी निसरडी असते." माझ्याकडे टेप नव्हती. मी ओढणी काढली आणि तिला गाठी मारत त्यांचं माप घेतलं, कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच, दोन पावलांतलं अंतर. जाणारे-येणारे थांबून बघत होते. नवरा पर्स छातीशी धरून समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करू लागला. मुलीने मात्र प्रत्येक गाठ वहीत लिहून घेतली.

मग मीच विचारलं, दीपगृहावर अजून लहान मुलांना सोडत नाहीत का? बोटीतले बिछाने खरंच एवढे आखूड आहेत? स्टेशनच्या डाव्या हाताचं ते दोरखंडाचं म्युझियम सोमवारी बंद का? बाई आधी चकित झाल्या, मग हसायलाच लागल्या. "मी तिथे जन्मले," त्या म्हणाल्या, "आणि दीपगृहावर एकदाही चढलेले नाही."

शनिवारी त्या मालकासमोर उभ्या राहिल्या. दुकानातले पाय चालणार नाहीत. पाय ह्याच बाईने करायचे, नाही तर पाचवी आकृती आम्ही घेणार नाही. आणि आमच्या म्युझियममधल्या प्रत्येक वस्तूवर ती करणाऱ्याचं नाव असतं, कंपनीचं नाही, हाताचं. तेही हवं. मालकाने माझ्याकडे पाहिलं, अंकलकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. "बारा दिवस. इन्शाल्ला होईल?"

"इन्शाल्ला नाय," अंकल म्हणाले. "होगा."

अंकलनी तिला कमरेत कापली. करवत चालत होती तेव्हा मी बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले, मला बघवेना. मग मी खालचं अंग मातीत घडवलं. उभ्या बाईचं वजन कुठे जातं, हे मी आठ वर्षांत विसरले होते. पहिले पाय दुकानातल्या पुतळ्यासारखे झाले, कशाचंही आश्चर्य न वाटणारे. मोडले. दुसऱ्यांदा ओढणीच्या गाठी लावून बघितल्या, आणि स्वतः लाकडी फळ्या पायाला बांधून दिवसभर उभी राहिले. संध्याकाळी कंबरेत कळ आली तेव्हा कळलं, ही बाई टेबलाला का टेकते. ती कळ मी तिच्या कंबरेत घातली. चेहऱ्याला हात लावला नाही. ती आता उभी राहूनही तसाच ओठ पुढे काढून बघत होती, तुम्ही काय भाव करणार ते माहीत असल्यासारखी. फोटो फॅक्सने फ्रान्सला गेले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ होती. टाचा बरोबर आहेत.

मालकाने शब्द पाळला. पुढची सात वर्षं मी त्या कारखान्यात माणसं घडवली. त्या सात वर्षांत जे जे केलं, त्यामागे तीन माणसं आहेत. ज्यांनी माझी मातीची नाकं पाहिली ते अंकल. चूक दाखवून निघून न जाता ती सुधारायला जिने स्वतःचं अंग दिलं ती परकी बाई. आणि नको म्हणत असताना मला गाडीत घालून नेणारा माझा नवरा. देवाचे आभार मानताना मी ह्या तिघांची नावं आधी घेते, देव समजून घेईल.

पेटीत भरायचा दिवस आला. चार आकृत्या भुशात आडव्या झाल्या होत्या. पाचवी अजून उभी होती, कारण नाव राहिलं होतं. मालक दारातून ओरडला, "वन मिनिट, यल्ला, ट्रक वाट बघतोय." मी खाली बसले आणि तिच्या डाव्या बुटाच्या टाचेशी टोचणी टेकवली. हात आपोआप चालू लागला. नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर, मग आडनाव. मुलीच्या शाळेच्या डायरीत 'मदर'च्या पुढे करते ती सही. आठ वर्षांत मी तेवढी एकच सही केली होती. मी थांबले.

"काय झालं, बाय?" अंकलनी विचारलं. "नाव विसरली काय?"

"विसरले नाही. लिहायची सवय गेली."

गुडघे दुखत असूनही ते माझ्या शेजारी खाली बसले, पॉलिश पेपरने ती अर्धवट सही घासून काढली, आणि टाच माझ्याकडे वळवली. मी माझं नाव लिहिलं. फक्त माझं, मराठीत, तीन अक्षरं. अंकलनी ब्रश घट्ट वाळणाऱ्या रेझिनमध्ये बुडवला आणि त्यावरून एकदा फिरवला.

"आता खरवडलं तरी जायचं नाय," ते म्हणाले.